वच्छला अक्काची पहिली पंगत

वच्छला अक्का गेल्याचं मला समाधानच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवरून कळलं. समाधान तिचा पुतण्या. आधी वाटलं, त्याचाच वाढदिवस आहे. फोटोत तोच मोठा होता. पांढरा शर्ट, जोडलेले हात. त्याच्या डोक्यावर गोल गोल चौकटींत पक्षाचे नेते. अक्का खालच्या कोपऱ्यात होती. फोटो आधार कार्डावरचा. त्यात ती नुकतीच पकडून आणल्यासारखी दिसत होती, आणि गुन्हा कबूल करायच्या बेतात अजिबात नव्हती.

खाली लिहिलं होतं, भावपूर्ण श्रद्धांजली. मी मराठी साहित्यात एम. ए. आहे. त्या दोन शब्दांचा अर्थ लागायला मला वेळ लागला.

अमळनेरला आमचं गाद्या भरायचं दुकान आहे. अब्बा कापूस पिंजत होते. माझ्याकडे बघून त्यांनी मशीन बंद केलं.

"कोण?"

"अक्का."

अब्बा खाली बसले. गिऱ्हाइकाच्या नव्या गादीवर. एरवी त्या गादीला ते आम्हाला हातसुद्धा लावू देत नाहीत.

"गुडघे दुखतात म्हणून गावी गेली होती ना?"

"हो."

"गुडघ्यांनी कोणी मरतं का?"

अक्का असती तर म्हणाली असती, अतिकभाऊ, मी मरून दाखवते. तिने दाखवलंच.

तिचं सासरचं गाव शिंदखेड्याच्या पुढे. तिकडे जाताना गिरणीची किल्ली तिने माझ्याकडे दिली होती. "रोज शटर थोडं वर कर," म्हणाली. "नाहीतर लोक म्हणतील, मेली." मी रोज करत होते. त्या दिवशी सकाळीही केलं होतं.

अक्काची पिठाची गिरणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी. नवरा लवकर गेला. मूलबाळ नाही. सासरच्यांनी वाटणीत तिला शेताऐवजी अमळनेरची गिरणी दिली, कारण गिरणी बंद पडलेली होती. अक्काने ती चालू केली. याचं दुःख सासरच्यांना शेवटपर्यंत राहिलं.

ती कायम पांढरी असायची. भुवया, पापण्या, पदर, सगळ्यावर पीठ. दिवाळीला अंघोळ करून बाहेर आली की गल्लीतली लहान पोरं तिला ओळखायची नाहीत.

गिरणीत एकच नियम होता. डबे रांगेत. ज्याचा डबा पुढे त्याचं दळण आधी. मग तो पाटलांच्या घरचा असो नाहीतर पिंजाऱ्याच्या. एकदा एक बाई आल्या. त्यांना आपलं दळण 'त्या लोकांच्या' मागून नको होतं. ते लोक म्हणजे आम्ही. माझी आई जरीना तिथेच डबा घेऊन उभी होती. अक्काने गिरणी थांबवली नाही. त्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली, "बाई, मागच्या दळणातलं मूठभर पीठ आत राहतं आणि पुढच्याच्या डब्यात पडतं. तुम्ही किती वर्षं येताय माझ्याकडे? एव्हाना अख्खा मोहल्ला तुमच्या पोटात आहे. आता कशाला घाबरता?"

बाईंनी डबा उचलला आणि दुसऱ्या गिरणीवर गेल्या. आठवड्याने परत आल्या. तिकडचं पीठ जाडं येत होतं.

"धर्म राहिला," अक्का माझ्या आईला म्हणाली, "पण भाकरी थापता येईना."

शाळेत असताना दळणाचा डबा घेऊन जायचं काम माझं. बाकावर एक वर्तमानपत्र पडलेलं असायचं. एक दिवस तिने ते माझ्या हातात दिलं आणि वाच म्हणाली. मी वाचलं. गिऱ्हाइकांशी ती मराठीत बोलायची, माझ्याशी बरेचदा अहिराणीत.

"आयकू येस नही व नाजमीन. तुना आवाज बठ्ठा पिठमा पडी ऱ्हायना."

मी मोठ्याने वाचलं. ती म्हणाली, अजून. मी ओरडून वाचलं. भाव, अपघात, निधन, सगळं ओरडून. रस्त्यावरून जाणारे थांबायचे. त्यांना वाटायचं भांडण चाललंय.

मग रोजच झालं ते. वर्तमानपत्र संपलं की वाचनालयातली पुस्तकं. अख्ख्या कादंबऱ्या मी गिरणीच्या आवाजात वाचल्या. अक्काचे कान शाबूत होते आणि तोंडही. एका कादंबरीची नायिका खिडकीशी उभी राहून तीन पानं रडत होती. अक्का ज्वारी ओतता ओतता म्हणाली, "इले काही कामधंदा नही का?" पुढे कॉलेजात समीक्षेची बरीच पुस्तकं वाचली. एवढ्या थोडक्यात कोणी सांगितलं नाही.

एम. ए.च्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक मला म्हणाले, ताई, थोडं हळू. अक्काला सांगितलं. ती इतकी खूश झाली की तिने गल्लीत पेढे वाटले. निकाल लागल्यावर वाटले नाहीत. म्हणाली, पास तर सगळेच होतात.

त्याआधी मला कॉलेजात घालायचं की नाही यावर घरी खल चालला होता. अब्बा हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. अक्का दुकानात आली. अब्बा एका गादीला टाके घालत होते.

"अतिकभाऊ, पोरगी काय कापूस आहे का? भरायची, शिवायची आणि दुसऱ्याच्या घरी पाठवून द्यायची?"

अब्बांना हसू आलं. हसल्यावर माणसाला नाही म्हणता येत नाही. अक्काला हे माहीत होतं. ती आधी हसवायची आणि मग काय हवं ते काढून घ्यायची.

पण तिचं खरं भांडण पंगतीशी होतं.

आमच्याकडे लग्नात, कार्यात पहिली पंगत पुरुषांची. दुसरीही पुरुषांची. तिसरी राहिलेल्या पुरुषांची. मग पोरंसोरं. मग बाया. तोवर कणकेची तळलेली बट्टी गार होते आणि वरणात पाणी वाढतं. आमच्या दावतीतही वेगळं नाही. आधी मर्द. या एका बाबतीत गावात पूर्ण सर्वधर्मसमभाव आहे.

अक्का पिशवीत स्वतःचं स्टीलचं ताट घेऊन लग्नाला जायची. पहिल्या पंगतीत, पुरुषांच्या मधोमध मांडी घालून बसायची. ताट समोर ठेवायचं आणि म्हणायचं, "वाढा." विधवा बाईला भर मांडवात हाताला धरून कोण उठवणार? वाढणारे एकमेकांकडे बघायचे, मग वाढायचे. दोन्ही बाजूंचे पुरुष जरा सरकून बसायचे. "ऐसपैस जेवता येतं," अक्का म्हणायची. लोक म्हणायचे, म्हातारीचे जिभेचे चोचले आहेत. तिला ते चालायचं. तत्त्वासाठी बसते म्हटलं असतं तर उठवली असती.

समाधानच्या लग्नातही तिने हेच केलं. व्याह्यांच्या रांगेत, नवरदेवाच्या सासऱ्याला खेटून. समाधानची आई धुरपदाबाई, म्हणजे अक्काची जाऊ. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून दोघी बोलत नव्हत्या. म्हणजे बोलायच्या, पण तिसऱ्याला मध्ये घालून. एकाच ओट्यावर बसून धुरपदाबाई म्हणायची, "तिले सांग, चहा थंडा व्हयी ऱ्हायना." अक्का म्हणायची, "तिले सांग, माले डोळा शेतस." डोळे आहेत मला, असं. मध्ये बसलेल्याने नुसतं "सांगतो" म्हणायचं. मीही एकदोनदा बसलेय. हे काम अवघड नाही.

आणि मग बुफे आलं.

धुळ्याला एका लॉनवर लग्न होतं. मी अक्काबरोबर होते. तिने पिशवीतून ताट काढलं आणि पहिली पंगत शोधू लागली. पंगत नव्हतीच. बाया, पुरुष, पोरं, सगळे एका रांगेत, हातात प्लेट घेऊन. कोणी कोणाला आधी म्हणत नव्हतं, मागून म्हणत नव्हतं. अक्का ताट छातीशी धरून उभी राहिली. गर्दीत हरवलेल्या मुलासारखी.

"मी इतकी वर्षं भांडले," ती म्हणाली, "आणि जिंकला कोण? केटरिंगवाला."

ती खुर्चीवर बसली. जेवेना. मी पनीर आणून दिलं. तिने ते चमच्याने ढोसून पाहिलं, जिवंत आहे का बघावं तसं. मग तिची नजर एका बाईवर गेली. भरजरी साडी, खांद्याला पर्स. एका हातात नवऱ्याची प्लेट, दुसऱ्या हातात मुलाची. नवरा फोनवर बोलत होता आणि मध्येच तिच्या हातातल्या प्लेटमधून गुलाबजाम उचलत होता. स्वतःची प्लेट त्या बाईकडे नव्हतीच.

अक्काचा चेहरा उजळला.

"शे व, काम बाकी शे," ती म्हणाली, आणि पोटभर जेवली.

गंधमुक्तीचं तिने मला त्यानंतर कधीतरी सांगितलं. आमच्या खान्देशात सुतक फिटलं की गंधमुक्ती करतात आणि त्या दिवशी भाऊबंदांना, पाहुण्यांना जेवण असतं. तिथे बुफे चालत नाही. तिथे अजून पंगतच.

"मी मरसू तव्हय," ती गिरणीचा पट्टा चढवता चढवता म्हणाली, "मनी गंधमुक्तीले पहिली पंगत बायास्नी. इच्छा काय व्हती म्हणीसन कावळाले विचारू नका म्हणा. त्याले काय समजस? नाजमीनले विचारा."

मी हसले. ती हसली नाही. पट्टा फिरायला लागला आणि पुढचं ऐकू आलं नाही.

गंधमुक्तीला मी आणि अब्बा पॅसेंजरने शिंदखेड्याला उतरलो. तिथून रिक्षाने गाव. वेशीवर समाधानचा फ्लेक्स होता, इथेही अक्का कोपऱ्यातच. दारात मांडव. आत पट्ट्या अंथरलेल्या. समाधान पुढे आला. डोकं भादरलेलं, त्यामुळे फ्लेक्सवरच्यापेक्षा बरा दिसत होता.

"घाटावर कावळा लगेच शिवला," तो म्हणाला. "काकू तृप्त झाली."

"कावळा भुकेला असेल."

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय. मी त्याला बाजूला घेतलं आणि अक्काची इच्छा सांगितली. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. हे त्याच्याकडे आहे, तो पूर्ण ऐकून घेतो.

"ताई, माझा शंभर टक्के पाठिंबा आहे," तो म्हणाला. "फक्त पाहुणे लांबून आलेत. पहिली पंगत त्यांची होऊ द्या. मग महिलांची विशेष पंगत घेऊ. फोटोग्राफर थांबवून ठेवतो."

"मग ती पहिली कशी?"

"महिलांमधली पहिली," तो म्हणाला.

श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. तालुक्यातल्या कुठल्याही गंधमुक्तीला प्रेमराज भाऊ बोलतात. मयताला ते ओळखत असतातच असं नाही. म्हणाले, वच्छलाताईंनी स्त्रीसमानतेचं पीठ दळलं. म्हणाले, आज स्त्री अवकाशात गेली आहे. त्यांच्या मागे, मांडवाच्या कापडापलीकडे, बाया पहाटेपासून बट्ट्या वळत होत्या. कढईचा धूर कापडातून भाऊंच्या खांद्यावर येत होता. स्त्री अवकाशात गेली म्हणताना भाऊंना ठसका लागला.

मी बसल्या बसल्या हिशेब करत होते. अक्काने गिरणी सुरू केली तेव्हापासून काय बदललं? बरंच. गावाच्या सरपंच बाई आहेत. त्यांचे यजमान पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते आणि लोक त्यांना सरपंच म्हणत होते. बाई आत गंगाफळ चिरत होत्या. मुली स्कूटी चालवतात. कढईजवळच्या दोघीतिघी तरी माझ्यासारख्या पदवीधर असतील. त्यांचा झारा बाकीच्यांसारखाच चालत होता. आणि हेही खरं की पिंजाऱ्याची पोरगी त्या मांडवात बसली होती, बाप शेजारी होता, आणि कोणी काही बोललं नव्हतं. यातलं कशाला मोजायचं मला कळेना. अक्का असती तर तिने एकच गोष्ट पाहिली असती. बट्टी कोणाला गरम मिळते.

समाधानने माझं नाव पुकारलं. "काकूंची मानसकन्या. दोन मिनिटं."

मी उठले, माइक हातात घेतला, नमस्कार म्हटलं आणि लाईट गेली. पंखे थांबले. समाधान जनरेटर जनरेटर करत धावला. प्रेमराज भाऊंनी मला बसायची खूण केली. मी माइक खुर्चीवर ठेवला.

माइकची मला सवयच नव्हती.

"अक्का मला सांगून गेली आहे," मी म्हणाले, आणि मांडवाच्या टोकाला झोपलेलं कुत्रं उठलं. "माझ्या गंधमुक्तीला पहिली पंगत बायांची. ती झाल्याशिवाय बाकी कोणी जेवायचं नाही. कावळ्याला यातलं काही माहीत नव्हतं. अक्का तृप्त झालेली नाही."

मला वाटलं, आता कोणीतरी मला खाली बसवणार. पण मांडवात वेगळीच कुजबुज सुरू झाली. मेलेल्या माणसाची इच्छा. तीही अक्काची. जिवंत असताना जी बाई पंगतीतून उठली नाही, ती मेल्यावर घरातून उठेल याची खात्री कोण देणार? प्रेमराज भाऊंनी एकदा छताकडे पाहिलं.

"इच्छा आहे मयताची," ते म्हणाले. "मोडू नये."

पट्ट्यांवर बसलेले पुरुष भराभर उठले. चाळीस वर्षं अक्काने सांगून जे झालं नाही, ते भुताच्या भीतीने अर्ध्या मिनिटात झालं. समाजसुधारणेवर मी कॉलेजात निबंध लिहिला होता. त्यात भूत हा मुद्दा घालायचा राहिला होता.

पट्ट्या रिकाम्या झाल्या. पत्रावळी मांडल्या. आणि बाया येईनात.

सगळ्या स्वयंपाकाच्या दाराशी उभ्या होत्या, पदर सावरत, एकमेकींना ढकलत. सगळ्यांची नजर धुरपदाबाईवर. ती उंबऱ्यात बसली होती. ती बसली तर बाकीच्या बसणार. ती उठणार नव्हती.

"माणसं उपाशी आन बाया जेवतीन?" ती म्हणाली. "जमाव नही."

समाधान म्हणाला, "बस ना माय." प्रेमराज भाऊ म्हणाले, "बसा ताई, काळ बदललाय." ती त्यांच्याकडे बघत होती, दारावर आलेल्या विक्रेत्याकडे बघावं तशी. पुरुष कडेने उभे. भूक लागलेली. अजून थोडा वेळ गेला असता तर भुताची भीती ओसरली असती आणि ते परत पट्ट्यांवर बसले असते. मला ते दिसत होतं.

मी तिच्याजवळ जाऊन उंबऱ्याशी बसले.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिले सांग, मरी गई तरी मना घरमा भांडण लावस."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. मी मध्ये बसले होते.

"सांगते," मी म्हणाले.

ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली.

"काय म्हणस ती?"

मी एम. ए.ला संवादलेखन शिकले होते. ते काही कामाचं नव्हतं. मी डोळे मिटून मनात गिरणी चालू केली. पट्टा फिरला, पीठ उडालं.

"ती म्हणस," मी म्हणाले, "धुरपदा घाबरस."

"मी?" धुरपदाबाई म्हणाली. "कोनले?"

ती उठली. गुडघ्यावर हात टेकून, कण्हत, पण उठली. पट्टीपर्यंत चालत गेली आणि पहिल्या पत्रावळीपाशी धपकन बसली, जागा बळकावल्यासारखी. तिच्यामागून सगळ्या आल्या. सरपंच बाई आल्या, हात पुसत. कढईजवळच्या पोरी आल्या. पट्टी भरली, दुसरी भरली. धुरपदाबाईने शेजारची पत्रावळ हाताने दाबून धरली होती. कोणाला बसू देईना. मला वाटलं, अक्कासाठी. मग ती माझ्यावर खेकसली, "बस ना व, उभी काय राहिनी?"

वाढायला पुरुष. त्यांना काही येत नव्हतं. समाधानने बट्टीच्या आधी वरण वाढलं. ते पत्रावळीवरून निघालं आणि सरळ सरपंच बाईंच्या मांडीवर गेलं. पोरी फिदीफिदी हसायला लागल्या. यजमान सरपंचांनी भाजीची बादली घेतली आणि एकीला दोनदा वाढून दुसरीला विसरून गेले. माझे अब्बा तुपाचं भांडं घेऊन ओळीतून चालले होते, गादीत कापूस भरावा तसं मोजून, दाबून. मांडवात एवढा आवाज झाला की गंधमुक्ती आहे हे कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

मग बट्टी आली. कढईतून निघालेली, फोडली की वाफ येणारी. धुरपदाबाईने तुकडा मोडला आणि हात झटकन मागे घेतला. बोटं फुंकली. परत मोडला. वरणात बुडवून तोंडात घातला.

ती थांबली. तोंड उघडं ठेवून वाफ बाहेर सोडली. तिच्या डोळ्यांना पाणी आलं. भाजल्यामुळे असेल.

"इतली गरम ऱ्हास का बट्टी?" ती म्हणाली.

या घरात सून म्हणून आल्यापासून ती बट्ट्या करत होती.

तिने अजून एक घास खाल्ला. मग माझ्याकडे न बघता, समोर बघत म्हणाली,

"तिले सांग, गरम शे."

आजूबाजूला बादल्या वाजत होत्या. मी आवाज चढवला.

"सांगते," मी म्हणाले.